क्ष-किरणांस परवाना कशासाठीं?

बीजगणितांत ज्या राशीचें मूल्य ठाऊक नसतें तिला 'क्ष' म्हणावें, असा आपल्या शाळांतून पूर्वापार रिवाज आहे. उदाहरण सुटलें म्हणजे 'क्ष' नाहींसा होतो आणि त्याच्या जागीं एक रोकडा आंकडा येऊन बसतो. जर्मनींतील वुर्झबुर्ग विद्यापीठाचे अध्यापक विल्हेल्म राँटजेन यांस ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं आपल्या प्रयोगशाळेंत जे नवे किरण आढळले, त्यांचें स्वरूप न उमगल्यामुळें त्यांनीं त्यांस असेंच अज्ञात राशीचें अक्षर दिलें. पुढें उदाहरण सुटलें. हे किरण प्रकाशाचेच भाऊबंद आहेत, मात्र त्यांच्या लहरी फार आंखूड आहेत, हें सिद्ध झालें. नांव मात्र बदललें नाहीं, आणि एका अर्थीं तें योग्यच झालें. या किरणांपासून होणारा लाभ चित्रांत तत्काळ उमटतो. अपाय व्हावयाचा असल्यास तो वर्षानुवर्षें शरीरांत दडून राहतो. लाभ ज्ञात आणि अपाय 'क्ष', असा हा व्यवहार आहे. सरकारनें या यंत्रांवर परवान्याचें बंधन कां घालावें, या प्रश्नाचें उत्तर याच विषमतेंत आहे.

राँटजेन यांनीं आपल्या शोधावर मालकीहक्क सांगितला नाहीं. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें, तोंपर्यंत त्यांच्या किरणांची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झालेली होती. यंत्र तसें साधें होतें. विजेचें वेटोळें आणि हवा काढून घेतलेली कांचेची नळी ज्यास मिळवितां आली, त्यानें तो प्रयोग करून पाहिला. डॉक्टरांनीं शरीरांत रुतलेल्या गोळ्या आणि सुया शोधून काढल्या, हें ठीकच. परंतु पैसे घेऊन लोकांस त्यांच्याच हाताचीं हाडें दाखविण्याचाही धंदा जत्रांतून निघाला. परवाना कोणीं मागितला नाहीं, कारण त्याची गरज आहे असें वाटण्यासारखें कांहीं दिसतच नव्हतें. हे किरण डोळ्यांस दिसत नाहींत, त्यांस वास नाहीं, उन्हाप्रमाणें ते अंगास लागत नाहींत. विस्तवाजवळ हात नेला तर तो आपोआप मागें येतो. निसर्गानें दिलेला हा पहारेकरी येथें झोंपलेला असतो.

त्या झोंपेची किंमत प्रथम मोजली ती यंत्राजवळ उभें राहणाऱ्यांनीं. किरण नीट येत आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं त्या काळचे लोक खुशाल आपलाच हात मध्यें धरीत. अमेरिकेंत थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेंत क्लॅरेन्स डॅली नांवाचा एक कुशल साहाय्यक होता. त्याच्या हातांस प्रथम भाजल्यासारख्या जखमा झाल्या, त्या बऱ्या होईनात, पुढें त्यांत कर्करोग शिरला. दोन्ही हात कापूनही उपयोग झाला नाहीं आणि १९०४ सालीं तो वारला. एडिसन यांनीं या किरणांचा नाद सोडला. इंग्लंडांत बर्मिंगहॅमचे डॉ. जॉन हॉल-एडवर्ड्स हे रोग्यांच्या सेवेसाठीं हे किरण अगदीं आरंभीं, म्हणजे १८९६ सालीं, वापरणाऱ्यांपैकीं एक होते; त्यांचा डावा हात १९०८ सालीं कापावा लागला. हँबर्ग शहरांतील सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बागेंत १९३६ सालीं एक शिलास्तंभ उभारण्यांत आला. क्ष-किरण आणि रेडियम यांच्या कामीं प्राण गमावलेल्या दीडशेहून अधिक माणसांचीं नांवें त्यावर आरंभींच कोरलेलीं होतीं, आणि पुढें तीं वाढतच गेलीं. त्यांत डॉक्टर आहेत, शास्त्रज्ञ आहेत, परिचारिका आहेत. रोगी मात्र त्या यादींत नाहींत. रोग्यास काय झालें हें पाहावयास त्याच्या मागें कोण जाणार?

नियम नसला म्हणजे शहाणीं माणसेंही किती दूर वाहवत जातात, याचें एक उदाहरण श्रोत्यांस ऐकण्यासारखें आहे. १९२० नंतरच्या काळांत अमेरिकेंत आणि इंग्लंडांत जोड्यांच्या दुकानांतून एक लांकडी पेटी दिसूं लागली. मुलानें नवा बूट घालून पेटीच्या तळच्या फटींत पाय घालावा; वर तीन झरोके असत, एकांतून मुलानें, दुसऱ्यांतून आईनें आणि तिसऱ्यांतून दुकानदारानें पाहावें. बुटाच्या आंत हलणारीं बोटांचीं हाडें हिरवट प्रकाशांत दिसत. मुलांस मौज वाटे, आईस शास्त्रीय पद्धतीनें खरेदी केल्याचें समाधान मिळे आणि दुकानदाराचा माल खपे. एका जोड्यासाठीं तीनचार वेळां पाय आंत घातला जाई. बूट पायास बसतो कीं नाहीं हें अंगठ्यानें दाबून पाहिलें असतां जें कळतें, त्याहून अधिक या यंत्रानें कांहींएक कळत नव्हतें. तरीही पेन्सिल्व्हेनिया राज्यानें १९५७ सालीं त्यावर बंदी घातली, ती अशा बंद्यांपैकीं अगदीं आरंभींची. ज्या दुकानांतील नोकर त्या पेटीशेजारीं दिवसभर उभा राही, त्याचा विचार तोंपर्यंत फारसा कोणीं केलेला नव्हता.

आतां एक गोष्ट या धंद्यांतील लोकांच्या बाजूनें सांगितली पाहिजे. नियम हवेत असें प्रथम सरकारें म्हणालीं नाहींत. तें या शास्त्रांतील माणसेंच म्हणालीं. इंग्लंडांत १९२१ सालीं डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांची एक संरक्षण-समिति बसली व तिनें खोलीच्या भिंती, शिशाचे पडदे, कामाचे तास यांविषयीं सूचना केल्या. १९२८ सालीं स्टॉकहोम येथें भरलेल्या परिषदेंत आंतरराष्ट्रीय समिति स्थापन झाली. तीच पुढें जगांतील बहुतेक कायद्यांची मार्गदर्शक ठरली. आपल्या धंद्यास कोणींतरी लगाम घालावा अशी मागणी धंद्यांतूनच यावी, असें क्वचित् घडतें.

त्या काळीं समजूत अशी होती कीं, कातडी लाल होऊं लागण्यापूर्वीं थांबलें म्हणजे धोका टळला. ही समजूत टिकली नाहीं. ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांनीं १९५६ सालीं असें दाखविलें कीं, गरोदरपणीं ज्या मातांच्या पोटाचें क्ष-किरण चित्र काढलें होतें त्यांच्या मुलांत कर्करोगाचें प्रमाण अधिक आढळतें. मातांस कांहींच झालें नव्हतें. कातडी लाल होण्याचा प्रश्नच नव्हता. पुष्कळ डॉक्टरांचा त्यावर विश्वास बसेना. १९६२ सालीं अमेरिकेंत ब्रायन मॅकमॅहॉन यांच्या संशोधनानें दुजोरा दिला तेव्हां कोठें मतें बदलूं लागलीं. त्यानंतर नियमांची भूमिकाच पालटली. अमक्या मर्यादेच्या आंत सर्व निर्धास्त, असें मानणें सोडून देण्यांत आलें. त्याऐवजीं, कारण असल्याशिवाय किरण वापरूं नयेत. वापरल्यास काम भागेल इतक्या कमींत कमी मात्रेनें वापरावेत. आणि काम करणाऱ्यांस व आसपासच्या लोकांस ठराविक मर्यादेपलीकडे ते लागूं देऊं नयेत, असें सूत्र १९७७ पासून रूढ झालें.

या मात्रेचें माप स्वीडनचे शास्त्रज्ञ रॉल्फ सीव्हर्ट यांच्या नांवावरून पडलेलें आहे. व्यवहारांत त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसीव्हर्ट, वापरतात. आपल्या देशांत यंत्रावर काम करणाऱ्यास पांच वर्षांच्या सरासरीनें सालीना २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षीं ३० ही मर्यादा घातलेली आहे. सामान्य माणसास ती सालीना १ आहे. आणि रोग्यास? रोग्यास मर्यादाच नाहीं. हें ऐकून कोणासही आश्चर्य वाटेल. परंतु त्यांत अर्थ आहे. अपघातांत सांपडलेल्या माणसाचा मेंदू पाहावयाचा असतां, याच्या वांट्याचे मिलिसीव्हर्ट संपले असें म्हणून त्यास परत पाठवितां येत नाहीं. तेथें डॉक्टरांचा विवेक हीच मर्यादा. मात्र यावरून असेंही निघतें कीं, रोग्याच्या संरक्षणाचा सारा भार चित्राची गरज आणि यंत्राची प्रकृति या दोन गोष्टींवर पडतो. गरज डॉक्टर ठरवितात. यंत्राची प्रकृति कोण पाहतो, हाच परवान्याचा विषय.

यंत्राविषयीं लोकांच्या मनांत एक विनाकारण भीति असते, ती येथें दूर केलेली बरी. रेडियमसारखा पदार्थ रात्रंदिवस किरण टाकीत असतो. क्ष-किरण यंत्राचें तसें नाहीं. घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. नळींत तो साठसत्तर हजारांपासून लाखाच्या पुढेंही चढवावा लागतो, तेव्हां किरण निघतात, आणि बटण सोडतांच ते संपतात. खोलींत मागें कांहीं उरत नाहीं, भिंतींत मुरत नाहीं. धोका असतो तो त्या क्षणार्धांत. आणि तोही केवळ नळीच्या रोखानें नव्हे. किरण रोग्याच्या अंगावर पडले म्हणजे दिव्याचा उजेड पांढऱ्या भिंतीवरून पसरावा तसा त्यांतील कांहीं भाग चहूंकडे उधळतो. म्हणून बटण दाबणारा आडोशामागें उभा राहतो आणि शिसें घातलेल्या कांचेंतून पाहतो. म्हणून दाराला शिशाचा पत्रा आणि भिंतीस निदान नऊ इंची वीट लागते. अंतराचा गुणही मोठा आहे: एक मीटरवर जितका मारा असेल त्याचा दोन मीटरवर चवथा हिस्साच राहतो. दार अर्धवट उघडें ठेवून बाहेर बांकावर पुढच्या रोग्यास बसविणाऱ्यानें एका हातानें या दोन्ही युक्त्या पुसून टाकलेल्या असतात.

आपल्याकडे हा कारभार अणुऊर्जेच्या खात्याकडे कसा गेला, असें कित्येकांस वाटतें. कारण सरळ आहे: किरणांचें मापन जाणणारे लोक प्रथम तेथेंच जमले. अणुऊर्जेच्या १९६२ च्या कायद्याखालीं किरणसंरक्षणाचे नियम १९७१ सालीं झाले, आणि त्यांच्या जागीं नवे नियम २००४ सालीं आले. दरम्यान १५ नोव्हेंबर १९८३ रोजीं अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालें. त्याचें ठाणें मुंबईंत अणुशक्तिनगर येथें आहे. २००४ च्या नियमांनीं एक तारतम्य केलें. सी. टी. स्कॅनचें यंत्र आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नळी घालतांना वापरावयाचें यंत्र, यांची मात्रा मोठी म्हणून त्यांस पुरता परवाना. साध्या क्ष-किरण यंत्रास नोंदणी. दोहोंमागील अपेक्षा मात्र एकाच जातीच्या आहेत. यंत्राचा नमुना मंडळानें मान्य केलेला असावा, खोलीचा नकाशा पसंत झालेला असावा, चालविणारा शिकलेला असावा, किरण-सुरक्षेसाठीं एक जबाबदार अधिकारी नेमलेला असावा, आणि यंत्राची कसोटी दोन वर्षांतून एकदां तरी व्हावी. काम करणाऱ्याच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असावा व तो दर तिमाहीस तपासणीस जावा, म्हणजे त्या माणसास किती किरण लागले हें कळतें. पण बिल्ला खुंटीवर टांगून काम केलें तर तिमाहीअखेर प्रयोगशाळा खुंटीची प्रकृति उत्तम असल्याचें कळविते.

कसोटीचें महत्त्व कित्येकांस वाटत नाहीं, कारण बिघडलेलें यंत्रही चित्र देतच असतें. नळीच्या तोंडाशीं किरणांची चौकट लहानमोठी करण्याची सोय असते. ती सरकली तर मनगटाच्या चित्रासाठीं निघालेले किरण कोंपरापर्यंत, आणि लहान मुलाच्या बाबतींत छातीपोटापर्यंत पसरतात. चित्र ठीक येतें. म्हणून तक्रार कोणीच करीत नाहीं. दूध पातळ असल्यास गृहिणीस कळतें, गाडीचा ब्रेक सैल असल्यास चालकास कळतें. येथें जो भोगतो त्यास कळण्याचा मार्गच नाहीं. जेथें गिऱ्हाईक स्वतः पारख करूं शकत नाहीं तेथें त्याच्या वतीनें कोणीं तरी पारख करावी, यासाठींच तर सरकार नांवाची संस्था असते.

ही पारख प्रत्यक्षांत किती होत होती? भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं नियामक मंडळाच्या कारभाराची तपासणी करून २०१२ सालीं अहवाल दिला, त्यांतील आंकडे मन सुन्न करणारे आहेत. देशांत वैद्यकीय क्ष-किरणांचीं ५७,४४३ केंद्रें चालत होतीं. त्यांपैकीं मंडळाकडे नोंद होती ५,२७० ची. उरलेलीं ५२,१७३, म्हणजे शंभरांतील एक्क्याण्णव, नियंत्रणाबाहेर होतीं. सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालींच प्रत्येक राज्यांत किरण-सुरक्षेचें संचालनालय उघडण्यास सांगितलेलें होतें. अकरा वर्षांनंतर, जुलै २०१२ मध्यें, तें केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत उभें राहिलेलें होतें. आपलें महाराष्ट्र, ज्याच्या राजधानींत नियामक मंडळ नांदतें, त्या दोघांत नव्हतें.

या नोंद नसलेल्या केंद्रांतील सर्वच यंत्रें सदोष होतीं असें कोणींही म्हणूं नये. त्यांतील पुष्कळ उत्तम असतील. परंतु कोणतीं उत्तम आणि कोणतीं नव्हेत हें सांगण्यास कोणाकडे आधार नव्हता. कागदावर नियम १९७१ पासून होता, आणि तालुक्याच्या गांवीं डॉक्टर एखादें जुनें यंत्र विकत घेऊन जिन्याखालच्या खोलींत बसवीत, त्यांच्यापर्यंत तो पोंचलेला नव्हता. दोष एकट्या डॉक्टरांचाही नव्हे. मुंबईंतील एका कार्यालयानें सबंध खंडप्राय देशांतील खोल्यांच्या भिंती मोजाव्यात, ही कल्पनाच अव्यवहार्य होती. त्या अहवालाच्या सुमारास आणि नंतर कांहीं सुधारणा झाल्या. मंडळानें चेन्नई, कलकत्ता व दिल्ली येथें प्रादेशिक केंद्रें उघडलीं. अर्ज, नकाशे आणि कसोटीचे दाखले संगणकावरून पाठविण्याची 'ई-लोरा' नांवाची व्यवस्था सुरू केली. वेरूळच्या लेण्यांचें इंग्रजी रूप आठवून देणारें हें नांव ज्यानें सुचविलें त्याच्या रसिकतेचें कौतुक केलें पाहिजे. यंत्र विकणाऱ्यानेंच मंजुरी पाहून यंत्र द्यावें अशी अट घातल्यामुळें नवीं यंत्रें दृष्टीआड जाणें कठीण झालें. जुन्या यंत्रांचें काम मात्र दारोदार फिरूनच व्हावयाचें असतें.

येथें शेजारच्याच एका यंत्राशीं तुलना करण्याजोगी आहे. सोनोग्राफीच्या यंत्रांत क्ष-किरण नसतात. तेथें ध्वनिलहरी असतात. तरीही त्याची नोंदणी असते ही गोष्ट आज महाराष्ट्रांत शाळकरी मुलासही ठाऊक आहे. गर्भाचें लिंग ओळखण्याच्या तंत्रावर नियंत्रण ठेवणारा कायदा या राज्यानें १९८८ सालीं देशांत प्रथम केला, आणि 'येथें लिंगनिदान केलें जात नाहीं' हा फलक भिंतीभिंतींवर आला. फलकानें गुन्हा थांबतो असें नाहीं; परंतु विचारावयाचें काय हें लोकांस त्यानें शिकविलें. क्ष-किरण खोलीच्या दारावर धोक्याची खूण आणि लाल दिवा असतो. नोंदणीचा दाखला आंत कोठें तरी फडताळांत असतो. तो बाहेर भिंतीवर, वाचतां येईल अशा अक्षरांत आणि मुदतीच्या तारखेसह लावला, तर निरीक्षकांची उणीव थोडी तरी भरून निघेल. गरोदर स्त्रीनें ती गोष्ट आधीं सांगावी. मुलास धरून उभ्या राहणाऱ्या आईस शिशाचा ॲप्रन मिळावा. इतर सर्वांनीं खोलीबाहेर जावें. जुनें चित्र असल्यास तें बरोबर न्यावें, म्हणजे तेंच पुन्हा काढावें लागत नाहीं. यांपैकीं एकाही गोष्टीसाठीं पदार्थविज्ञान शिकावें लागत नाहीं, किंवा डॉक्टरांचा अवमानही होत नाहीं.

मात्र या सर्वांवरून कोणीं चित्र काढून घेण्याचेंच टाळूं लागेल तर तें मूळ रोगाहून वाईट. सृष्टींतून, म्हणजे माती, हवा, अन्न आणि आकाश यांतून, प्रत्येक माणसास जगाच्या सरासरीनें वर्षाला सुमारें २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. छातीच्या एका चित्राची मात्रा सुमारें ०.०२, म्हणजे तीनचार दिवसांच्या सृष्टिदत्त मात्रेइतकी. पोटाच्या एका सी. टी. स्कॅनची आठदहा, म्हणजे छातीचीं शेंकडों चित्रें. भीतीचा हिशेब करावयाचा तर तो असा आंकड्यांनीं करावा. ज्या देशांत क्षयाचा रोगी खोकल्याचें औषध घेत महिनोन्महिने हिंडतो, तेथें एक चांगलें क्ष-किरण यंत्र बंद पडणें हाही अपघातच होय. म्हणून नियामकानें सदोष यंत्र तत्काळ थांबवावें, आणि दाखल्याअभावीं अडलेल्या चांगल्या यंत्रास दाखला सुलभ करून द्यावा. या दोन कामांत पहिल्याइतकेंच दुसरें महत्त्वाचें आहे. नोंदणी महाग आणि किचकट झाली तर प्रामाणिक माणूस यंत्र विकतो आणि दुसरा तें लपवितो.

आतां तर प्रश्नानें नवेंच वळण घेतलें आहे. ७ डिसेंबर २०२४ रोजीं सुरू झालेल्या क्षयरोगाविरुद्धच्या शंभर दिवसांच्या मोहिमेंत, हातांत धरतां येतील अशीं लहान क्ष-किरण यंत्रें वस्त्यांवस्त्यांतून नेण्यांत आलीं. आजवरचा सारा नियम खोलीच्या भोंवतीं रचलेला: तिची भिंत, तिचें दार, तिचा आडोसा. या यंत्रास खोलीच नाहीं. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यांत म्हातारी फळीस टेंकून उभी राहते, आणि भोंवतीं सारा गांव पाहावयास जमतो. मात्रा लहान आहे हें खरें. पण म्हातारी एकदांच उभी राहते आणि यंत्र धरणारा तरुण दिवसांतून शंभर वेळां. तेथें विटेचें काम अंतरानें करावें लागतें. यंत्राचें तोंड मोकळ्या बाजूस करावें, फळीच्या मागें कोणीही नसावें, आणि बटणास हात लावण्यापूर्वीं खडूनें एक रेघ ओढून पोरांस तिच्या पलीकडे बसवावें.